आरामवीर

वसंतात मायोर्का बेटावर उतरणाऱ्या सायकलवाल्यांत एक जमात अशी आहे, की तिला आराम करता येत नाही आणि येत नाही हे कबूलही करता येत नाही. वय पंचेचाळीस ते साठ. व्यवसायाने दंतवैद्य, विमा कंपनीतला अधिकारी नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक. गाव म्युनिक, लीड्स किंवा झुरिक. पायांवर औषधालाही केस नाही. पोटावर मात्र गेल्या नाताळचा हिशेब अजून बाकी. हा गृहस्थ आठवड्याभरासाठी येतो, तीन दिवस डोंगर तुडवतो आणि चौथ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर जाहीर करतो, "आज आराम. आज फक्त कॉफी प्यायला जायचं."

कॉफी त्या क्षणी त्याच्या पुढ्यात वाफाळत असते. पण ती कॉफी वेगळी. जी प्यायला निघायची ती पेत्रा गावात मिळते, आणि पेत्रा तिथून पंचवीस-तीस किलोमीटर आहे.

त्याला दोष तरी किती द्यायचा? बेटच असं घडलंय, की माणसाला वाटावं हे सायकलसाठीच समुद्रातून वर काढलं असावं. वायव्येला सेरा दे त्रामुन्तानाची डोंगररांग. २०११ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिचं सर्वांत उंच शिखर, पुच माजोर, १,४४५ मीटरचं. मध्यभागी बदामाच्या बागा आणि पवनचक्क्यांचं सपाट मैदान. डोंगर कष्टाला, मैदान आरामाला, अशी वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे. त्यात स्पेनचा कायदा सायकलवाल्याच्या बाजूचा: मोटारवाल्याने ओलांडताना दीड मीटर अंतर सोडलंच पाहिजे, आणि दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायला मुभा. मुक्कामाच्या हॉटेलात सायकलींसाठी कुलूपबंद खोली असते. तिथे माणसांपेक्षा सायकलींची बडदास्त जास्त आहे, असं आरामवीराची बायको म्हणते. ती पोहण्याच्या तलावाकाठी कादंबरी वाचत असते. खरा आराम त्या कुटुंबात तीच करते.

निघण्याची तयारी पाहण्यासारखी असते. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी असा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा नियम आहे. आरामवीर आयुष्यात कुठल्या शर्यतीत उतरलेला नसतो, तरी त्या आकड्याच्या जवळपास पोचावं म्हणून पाण्याच्या बाटलीचा पिंजरासुद्धा त्याने कार्बनचा घेतलेला असतो. वाचले तीस ग्रॅम. मग न्याहारीच्या टेबलावरून, वेटरची पाठ वळताच, तीन केळी आणि कागदी रुमालात गुंडाळलेली दोन सँडविचं जर्सीच्या मागच्या खिशांत जातात. सायकलीने जे गमावलं ते मालकाने व्याजासकट परत मिळवलं.

पहिले पाच किलोमीटर सगळं कसं ठरल्याप्रमाणे चालतं. चौघे मित्र जोडीजोडीने, गप्पा मारत. विषय अर्थात कालचा: सा कालोब्रा.

सा कालोब्रा हा घाट काय चीज आहे ते सांगायलाच हवं, कारण त्याच्यावाचून आरामवीराचं कुठलंच संभाषण पुरं होत नाही. अंतोनिओ पारिएत्ती नावाच्या अभियंत्याने १९३२ मध्ये हा रस्ता पुरा केला. तो कुठल्याही शहराला जात नाही. डोंगरमाथ्यावरून निघतो, समुद्रकाठच्या एका चिमुकल्या वस्तीपाशी संपतो, बस. बोगदा न खणता उतार आवाक्यात राहावा म्हणून पारिएत्तीने एके ठिकाणी रस्ता २७० अंशांत वळवून त्याच्याच पोटाखालून नेला. नेकटायच्या गाठीसारखा दिसतो म्हणून त्या वळणाचं नावही तेच पडलं. म्हणजे इथे आधी मजेत खाली उतरायचं आणि मग तेच साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्क्यांचा चढ, धापा टाकत वर यायचं. व्यावसायिक शर्यतपटू अर्ध्या तासाच्या आत येतात. आरामवीराला किती वेळ लागला ते तो सांगतोच; आणि त्यातून वाटेत बकरी आडवी आली म्हणून, फोटो काढायला थांबलो म्हणून आणि गिअर नीट पडत नव्हता म्हणून किती मिनिटं वजा करायची, तेही सांगतो. वजाबाकीअखेर तो शर्यतपटूंच्या फार मागे नसतो.

मांड्या भरून आलेल्या असतात. जिना उतरताना त्याने कठड्याला धरलं होतं, ते कोणी पाहिलेलं नसतं.

मग कधीतरी शेजारच्या मित्राचं पुढचं चाक याच्या चाकापेक्षा अर्ध्या चाकाने पुढे जातं. जाणूनबुजून नव्हे. हा बरोबरी करतो आणि करताकरता स्वतः अर्धं चाक पुढे काढतो. मित्रही बरोबरी करतो. दोघांपैकी कोणीही शर्यत लावलेली नसते, दोघंही कालच्या घाटाबद्दलच बोलत असतात. फक्त वाक्यं आखूड होत जातात. चोवीसचा वेग अठ्ठावीस होतो, अठ्ठावीसचा तेहतीस. शेवटी बोलणं 'हो' आणि 'ना'वर येतं. मागचे दोघं या दोघांच्या आडोशाने, वारा चुकवत, गुपचूप चिकटून असतात. आराम म्हणायचाच तर तो त्या दोघांना.

सिनेउ गावात दर बुधवारी बाजार भरतो. मेंढ्या, कोंबड्या, चामड्याचे पट्टे, ऑलिव्ह. गर्दी मोठी आणि वास त्याहून मोठा. माणूस खरोखर आरामात असेल तर इथे तासभर रमेल. आरामवीर बाजाराला वळसा घालतो, कारण गर्दीत सरासरी पडते.

पेत्राच्या चौकात मात्र तो थांबतो. तिथे खुर्च्यांपेक्षा सायकली जास्त. एन्साइमादा नावाची गुंडाळी घातलेली, पिठीसाखर भुरभुरलेली पाव-मिठाई येते. डुकराच्या चरबीवाचून ती बनतच नाही. दोन घासांत ती संपवून तो म्हणतो, "कमावलीय." हे पेत्रा हुनिपेरो सेराचं जन्मगाव. १७१३ मध्ये जन्मलेला हा फ्रान्सिस्कन साधू पुढे मेक्सिकोत गेला, व्हेराक्रूझहून मेक्सिको शहरापर्यंत चालत निघाला, वाटेत पाय सुजला, तो दुखणारा पाय जन्मभर ओढत राहिला आणि त्याच पायाने कॅलिफोर्नियात पोचून त्याने मिशनांची रांग उभी केली. त्या मिशनांत तिथल्या मूळ रहिवाशांचे जे हाल झाले त्यावरून आजही वाद आहे, पण चौकातल्या चर्चेचा विषय तो नसतो. चर्चा असते गुडघ्याची. आरामवीराच्या गुडघ्यावर निळी पट्टी असते आणि सेराची गोष्ट ऐकल्यावर तो ती हळूच चापून बसवतो.

बिल देताना कोणीतरी म्हणतं, "आलोच आहोत तर बोनान्यला जाऊ. टेकाड तर आहे." सह्याद्रीतला वाटाड्या ज्या सुरात 'हे काय, आलंच' म्हणतो, तोच हा सूर. गावाबाहेरची ही टेकडी तीनशे मीटरच्या वर आहे. माथ्यावरच्या मठात सेराने बेट सोडण्यापूर्वी निरोपाचं प्रवचन दिलं होतं.

याच चढावर आरामवीराच्या मागून घंटी वाजते. घंटी! त्याच्या सायकलीला ती नसतेच. तेवढंच वजन कमी. सत्तरीच्या एक बाई, पुढे टोपली, टोपलीत टोपी, विजेच्या सायकलवरून "ओला!" म्हणत शेजारून जातात. त्यांना घामही नसतो. युरोपातल्या कायद्याप्रमाणे अशा सायकलीची मोटार २५० वॉटची. आरामवीराचे पाय तासभर दोनशे वॉट देतात, याचा त्याला फार अभिमान. म्हणजे बाई पायडलवर पाय नुसते फिरवत ठेवूनही त्याच्यापेक्षा जास्त शक्ती लावतात. "मोटारच आहे ती," तो पुटपुटतो आणि उभा राहून पायडल मारू लागतो. घड्याळ नाडीचे ठोके दाखवतं. सकाळी ते १२० वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरलेलं असतं. घड्याळावर आता १७१ असतात.

त्याचा सूड मैदानात होतो. कायद्याने मोटारीची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद पडते, हे त्याला पाठ असतं. परतीला बाई २५ वर असताना तो ३१ ने त्यांना मागे टाकतो आणि जाताना मान डोलावतो. बाईही हसून हात हलवतात. एवढ्यात दुपारी समुद्राकडून सुटणारा वारा, एम्बात, समोरून येतो. पुढचे वीस किलोमीटर चौघांतला कोणीच काही बोलत नाही.

या वयात एवढी हौस कशाला, असं कोणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं: गियेम तिमोनेर. बेटावरच्या फेलानिच गावचा हा सायकलपटू मोटारसायकलमागे पळण्याच्या शर्यतीत सहा वेळा जगज्जेता झाला आणि १९८४ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, पुन्हा जागतिक स्पर्धेत उतरला. आरामवीर ५४ वर्षांचा. चार वर्षं हाताशी आहेत, असं तो म्हणतो. तिमोनेर उतरण्याआधी सहा वेळा जिंकला होता, या बारकाव्याकडे तो दुर्लक्ष करतो.

रात्री जेवताना हिशेब निघतो. अंतर ८४ किलोमीटर. फेरी अ‍ॅपवर चढवताना तिला नाव मात्र 'पाय मोकळे केले' असं दिलेलं. चौघे उद्याचं हवामान पाहतात. मनातून प्रत्येकाला पाऊस हवा असतो. चांगला धो धो, डोंगरात जाण्याची सोयच न राहील असा. फोनवर उन्हाचं पिवळं चित्र येतं.

"उत्तम!" आरामवीर म्हणतो. "उत्तम," बाकीचे तिघे म्हणतात.

"परवा मात्र आराम," एक जण सुचवतो.

"आरामच," आरामवीर म्हणतो. "फॉर्मेन्तोरच्या दीपगृहापर्यंत जाऊ आणि परत येऊ, झालं. तिथे कॉफी मिळते."