मताचा रकाना

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस आणि वक्तृत्व स्पर्धा एकदमच सुरू होतात. पाऊस एखाद्या वर्षी दडी मारतो, स्पर्धा मारत नाहीत. २६ जून ही शाहू महाराजांची जयंती. शाळा नुकत्याच उघडलेल्या, पुस्तकांना कव्हरं घालून व्हायची असतात, आणि तोवर पोरं ‘सन्माननीय व्यासपीठ’पर्यंत पोचलेलीसुद्धा असतात. समोर परीक्षक म्हणून कोणीतरी लागतं. त्यासाठीची सगळी पात्रता माझ्यात आहे: दोन-चार लेख छापून आलेत, सकाळी मोकळा असतो, आणि मानधनाचा विषय आपण होऊन काढत नाही.

पहिला स्पर्धक उभा राहतो आणि १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात महाराजांचा जन्म होतो. पाच मिनिटांनी तो बसतो, दुसरी उभी राहते, की परत जन्म. जेवणाच्या सुट्टीपर्यंत महाराज इतक्यांदा जन्मतात, दत्तक जातात आणि १८९४ साली गादीवर बसतात, की चहा आणून देणाऱ्या शिपायालाही सनावळ्या पाठ होतात. मग वसतिगृहं, मग खासबागचं कुस्तीचं मैदान (इथे दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढायचा असतो) आणि मग राधानगरीचं धरण. धरणाचं बांधकाम सुरू झालं, की नेमकी घंटा वाजते. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कोणालाही ते पुरं करता आलेलं नाही. अर्थात महाराजांच्या हयातीतही ते पुरं झालं नव्हतं, त्यामुळे इतिहासाच्या बाजूने तक्रारीला जागा नाही.

हातवारे बसवून घेतलेले असतात. ‘उत्तुंग’ म्हटलं की हात वर, ‘तळागाळातील’ म्हटलं की खाली. घाईत हात वाक्याच्या एक पाऊल पुढे पळतो, आणि महाराजांचं कर्तृत्व जमिनीकडे निघतं नि तळागाळ आभाळाला भिडतो. भाषण घरातल्याच कोणीतरी लिहिलेलं असतं. ते कोणी लिहिलं, हे दुसऱ्या मिनिटाला कळतं. पाचवीतला मुलगा ‘आमच्या वेळी परिस्थिती अशी नव्हती’ म्हणून खिन्नपणे मान हलवतो, तेव्हा आजोबा निवृत्त आहेत आणि त्यांची तब्येतही बरी आहे, हे समजून घ्यायचं.

माझ्यापुढे गुणपत्रक असतं. आशय, मांडणी, उच्चार, हावभाव, वेळेचं भान, असे त्यात रकाने. ‘मत’ असा रकाना नसतो. त्याची गरजही कोणाला भासत नाही, कारण पहिल्या फेरीत मत कोणाकडेच नसतं. महाराज थोर होते, यावर सभागृहाचं एकमत असतं आणि ते पुन्हा पुन्हा मोठ्याने जाहीर होतं.

काही संयोजक मात्र दुपारी चिठ्ठीची फेरी घेतात. डब्यातून चिठ्ठी उचलायची, विषय वाचायचा, दोन मिनिटं व्हरांड्यात जाऊन विचार करायचा आणि येऊन बोलायचं. आजोबा मदतीला येऊ शकत नाहीत. हात काय करायचे, हे ठरलेलं नसतं, म्हणून ते खिशात जातात. आणि मग सकाळभर दाबून ठेवलेली मतं बाहेर पडायला लागतात.

अशाच एका स्पर्धेत ‘आपली संस्कृती’ ही चिठ्ठी सातवीतल्या एका मुलीला आली. तिच्या शाळेत पारंपरिक वेशभूषा दिवस झाला होता. ती म्हणाली, “माझी नऊवारी भाड्याची होती. संस्कृतीचं डिपॉझिट पाचशे रुपये. डाग पडला तर परत मिळत नाही, म्हणून मी दिवसभर काही खाल्लं नाही, पाणीपण जपून प्यायले. माझी आजी रोज नऊवारी नेसते. त्यातच चिखलात उतरून भात लावते. मला शाळेत दुसरा नंबर मिळाला. आजीला अजून कुठलाच मिळालेला नाही.” एवढं बोलून ती बसली. घंटा वाजवायला नेमलेला मुलगा दचकला, कारण त्याचं काम सुरूच झालं नव्हतं.

माझे सहपरीक्षक मराठीचे निवृत्त शिक्षक होते. कोण ‘श’ कुठे म्हणतो आणि ‘ष’ कुठे, याची ते कागदाच्या मागच्या बाजूला नोंद ठेवतात. त्यांनी माझ्या कानात सांगितलं, “समारोप नाही केला.”

पुढची चिठ्ठी ‘सर्वधर्मसमभाव’. या विषयावर मोठी माणसं बोलायला लागली की मी सभागृहातले पंखे मोजतो. पण उचलणारा मुलगा कुरुंदवाडचा निघाला. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, की कुरुंदवाडच्या काही मशिदींत पंजे आणि गणपती एकाच छताखाली बसतात, ही तिथली जुनी रीत आहे. बाहेरगावचे पत्रकार येऊन त्याचे फोटो काढतात. मुलगा म्हणाला, “ते येऊन विचारतात, तुम्हाला कसं वाटतं? आम्हाला काय वाटायचंय? सवय आहे. अडचण एकच होते. मोदक आणि चोंगे एकाच दिवशी समोर येतात आणि पोट एकच असतं. मागच्या वेळी मी अगदी बारका होतो, जास्त खाता आलं नाही. परत दोन्ही सण एकत्र यायला तीसेक वर्षं लागतात. तोवर मला शुगर झालेली असणार.” मुसलमानी वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, त्या हिशेबाने पोराचं गणित बरोबर होतं. त्याच्या घरातल्या मधुमेहाचा अंदाजही बरोबर असावा, असं त्याच्या आईच्या चेहऱ्यावरून वाटलं.

देवाबद्दल मुलं आपल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात. भांडून नाही, शेजारच्या काकांबद्दल बोलावं तसं. ‘श्रद्धा’ या चिठ्ठीवर दहावीतली मुलगी म्हणाली, की आई परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचं पेन अंबाबाईच्या देवळात नेऊन आणते. “पण वर्गातल्या सगळ्यांचीच पेनं जाऊन येतात. आठवीपासूनचा माझा अनुभव असा, की मराठी, हिंदी, इतिहास यात देवी मदत करते. गणितात तिचंही काही चालत नाही. तिलाही क्लास लावलेला नसणार.” सभागृहात हशा झाला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हसता हसता दोन्ही हातांनी गालावर मारून घेतलं आणि मनातल्या मनात माफी मागून टाकली.

खेळाचा विषय निघाला की मात्र वातावरण तापतं. कोल्हापुरात फुटबॉल ही अंगात येणारी गोष्ट आहे. वर्ल्ड कपच्या दिवसांत मेस्सी-नेमारचे फलक आमच्या पेठांमध्ये लागतात. नगरसेवकांना तेवढा महिना चौकात जागा मिळत नाही. एक नववीतला मुलगा म्हणाला, “भारत वर्ल्ड कपला जात नाही, म्हणून आम्ही गल्लीगल्लीत देश वाटून घेतलेत. आमची गल्ली ब्राझील आहे. आत्याची गल्ली अर्जेंटिना. त्या महिन्यात आम्ही आत्याकडे जेवायला जात नाही.” क्रिकेटबद्दल त्याचं मत विचारलं तर म्हणाला, “टीव्हीवर बघायला बरं असतं.”

पण मला खरी आवडली ती राधानगरी तालुक्यातली मुलगी. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे तिच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं गेली. हे सगळं सांगून ती म्हणाली, “पदक आलं त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. सर म्हणाले, तुमच्यातूनही असे खेळाडू घडले पाहिजेत. आणि त्याच आठवड्यात आमचा पी.टी.चा तास गणिताला दिला.” ती क्षणभर थांबली. “पेढे मात्र चांगले होते.”

तिचे क्रीडाशिक्षक खिडकीपाशी उभे होते. त्यांनी पाऊस बघायला सुरुवात केली.

शेवटची चिठ्ठी ‘शाहू महाराज आज असते तर’. सकाळपासून दमलेलं सभागृह सावरून बसलं, कारण आता परत कागल येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. उभा राहिला तो आठवीतला एक काटकुळा मुलगा. त्याने जन्म वगळला. गादी वगळली. थेट १९१७ वर आला. “महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला साळंत नाही घातलं, तर महिन्याला एक रुपया दंड. आता नीट ऐका. दंड कुणाला? बापाला! पोराला न्हवं. आज मी गैरहजर राहिलो की उठाबशा मला. शेतात नेलंवतं कुणी? बापानं. माझं म्हणणं एवढंच हाय, महाराज आज असते तर उठाबशा बापाला काढाय लावल्या असत्या.”

त्याला इतक्या टाळ्या पडल्या, की घंटा वाजलेली कोणाला ऐकूच आली नाही.

निकालाच्या बैठकीत सहपरीक्षकांनी कागद उलटा करून दाखवला. ‘साळा’ झालं होतं, ‘हाय’ झालं होतं, समारोप नव्हता, महाराजांविषयी आदरार्थी विशेषणं शून्य. माझं म्हणणं होतं, की दिवसभरात १९१७ चा कायदा कळलेला हा एकच मुलगा आहे, बाकीच्यांना तो पाठ होता. ते म्हणाले, “मान्य आहे, पण हे गुण द्यायचे कुठे?” दोघांनी मिळून सगळे रकाने पुन्हा वाचले. शेवटी मी त्याला हावभावात भरघोस गुण दिले, हात खिशात असूनही, आणि सरांनी ते दिसत असूनही पाहिले नाहीत. पोरगं उत्तेजनार्थात बसलं. पहिला नंबर सकाळच्या फेरीतल्या, धरणाच्या अगदी भिंतीपर्यंत पोचलेल्या मुलीला गेला. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पाच मिनिटांत तेवढं बांधकाम कोणी केलं नव्हतं.

बक्षीस समारंभ संपल्यावर छत्री शोधत होतो, तर डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेले एक गृहस्थ समोर आले. त्यांच्या हातात उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र होतं आणि ते भिजू नये म्हणून त्यांनी शर्टात धरलं होतं.

“सर, मी त्याचा बाप. पोरगं बरं बोललं न्हवं?”

“उत्तम बोललं.”

“ते दंडाचं खरं हाय का? रुपयाच?”

“खरं आहे. महिन्याला एक रुपया.”

त्यांनी बाहेरच्या पावसाकडे बघून जरा हिशेब केला.

“मग भरतो की. पुढच्या आठवड्यात लावण हाय, चार दिवस लागतंय मला ते पोरगं.”