खांद्याची सुई पायात

फ्रोजन शोल्डर या दुखण्याची खोड अशी, की रुग्ण वरून धडधाकट दिसतो. ताप नाही, सूज नाही, प्लास्टर नाही. फक्त हात वर जात नाही. आणि नवरात्राच्या नऊ रात्री अख्खं शहर जिथे हात उंचावून टाळ्या वाजवतं, त्या बडोद्यात हात वर न जाणारी बाई हा सार्वजनिक प्रश्न होऊन बसतो. वरच्या फळीवरची पोह्यांची बरणी मला काढता येत नव्हती, त्याची घरात कुणाला फिकीर नव्हती. पण गरब्याच्या वेळी मी कडेला खुर्ची टाकून बसले, आणि सोसायटीतल्या प्रत्येकाकडे उपाय निघाला. राईचं तेल, निर्गुंडीचा शेक, पावागडचा नवस. शेवटी फिजिओथेरपीवाली मुलगी व्यायाम शिकवता शिकवता म्हणाली, ‘‘काकू, जोडीला सुया करून बघा.’’

दांडिया बाजारात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. आमच्या आबाकाकांचा सिद्धांत असा, की जगातली प्रत्येक चांगली गोष्ट सयाजीराव महाराजांनी बडोद्यात आणली किंवा ते आणणारच होते. अ‍ॅक्युपंक्चरचं श्रेय मात्र त्यांनी उदार होऊन सोलापूरला दिलं. ‘‘डॉक्टर कोटणीस! आपला माणूस. त्यांनीच आणलं.’’ आता द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले हे खरं. पण ते सर्जन होते, आणि 1942च्या डिसेंबरात तिथेच वारले. सुया इकडे आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बिजोयकुमार बसूंनी. ते 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात लोकांना टोचू लागले. हे ऐकल्यावर आबाकाका क्षणभर थांबले आणि त्यांनी प्रोफेसर माणिकरावांना पुढे केलं. जुम्मादादा व्यायाममंदिराचे माणिकराव हाडं बसवण्यात नामांकित होते आणि त्यांना कधी सुई लागली नाही, हा मुद्दा बिनतोड होता. पण माणिकराव आता नाहीत, आणि खांदा मात्र होता.

पहिल्या दिवशी सुई फार उशिरा येते. आधी येतात प्रश्न. मी ‘खांदा दुखतो’ एवढंच सांगायला गेले होते. डॉक्टरबेननी विचारलं, झोप कशी लागते, रात्री जाग येते ती किती वाजता, पोट साफ होतं का, पाणी गार प्यावंसं वाटतं की कोमट, राग येतो का. रागाच्या प्रश्नाला पडद्याबाहेर बसलेले आमचे हे खोकले. रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, गरोदरपण हे प्रश्न मात्र खरोखर कामाचे. यातलं काही असेल तर त्यांनी विचारायची वाट बघू नये.

मग ‘‘जीभ बतावो.’’ सासूबाईंसमोर इतकी वर्षं जी आत ठेवली, ती मी एका अनोळखी बाईसमोर मुळापासून बाहेर काढली. त्या तिचा रंग, थर, कडा बघत राहिल्या. यासाठीच येताना चहा-कॉफी नको, जीभ घासू नका, असं आधी फोनवर सांगतात. सकाळी तांब्याच्या पट्टीनं जीभ खरवडल्याशिवाय देवापुढे उभं न राहणाऱ्या घराला हे सांगून बघा! उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येते, असंही सांगतात. माझी नेमकी संकष्टी होती. ‘‘साबुदाणानी खिचडी खाधी ने? तो चालशे,’’ डॉक्टरबेन म्हणाल्या. मराठी उपास पोटभर असतो, हे बडोद्याच्या गुजराती डॉक्टरांना कुठल्याही कॉलेजात शिकवावं लागत नाही.

सुई बघून माझी निराशाच झाली. मनात इंजेक्शन धरून गेले होते, आणि ही जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. आतून भरीव, कारण तिच्यातून काही सोडायचं नसतं. निर्जंतुक पाकीट समोर फोडतात आणि सुई एकदाच वापरून फेकून देतात. पाकीट समोर फोडलं नाही, तर चपला घालून सरळ घरी यावं. बारीक नळीतून टिचकी मारली की सुई आत. दुखलं म्हणावं तर तसंही नाही. थोडा जडपणा, मुंग्या, एखादी बारीक कळ. ती आली की डॉक्टरबेन खूश. ‘‘आव्युं?’’ असं विचारतात, जणू दारात पाहुणा उभा आहे.

धक्का पुढे होता. खांदा डावा, आणि सुई उजव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला. ‘‘खभो अहीं छे, बेन,’’ मी खांद्यावर बोट ठेवून नम्रपणे दाखवून दिलं. ‘‘खबर छे,’’ त्या म्हणाल्या. परंपरेनं अंगावर 361 पॉइंट मानतात, आणि आखडलेल्या खांद्याचा हुकमी पॉइंट म्हणे गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मध्यावर. पायात सुई ठेवून खांदा फिरवायला लावला. आरसा समोर नव्हता हे बरं झालं.

त्यानंतर खांद्याच्या बाजूच्या सुया टोचून झाल्यावर ‘‘हलशो नहि’’ म्हणून त्या पडदा ओढून गेल्या. नव्या रुग्णानं मनाची तयारी करायची ती या वीस-पंचवीस मिनिटांची. सुयांचं काही नाही. दुसऱ्याच मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. पर्समधला मोबाइल वाजतो, आणि तो घरूनच असतो. हिंगाची डबी कुठे आहे, याखेरीज काही विचारायचं नसणार. उत्तर तोंडात तयार असतं. हात सुयांच्या ताब्यात. फोन थांबतो. पुन्हा वाजतो. पुन्हा थांबतो, आणि मग वाजतच नाही. म्हणजे माझ्याशिवाय हिंग सापडला! लग्नानंतर पहिल्यांदाच. या विचारानं मला जो निवांतपणा आला, त्याला अ‍ॅक्युपंक्चरच्या पुस्तकात काय म्हणतात ठाऊक नाही, पण शेजारच्या पडद्याआडच्या काकांच्या घोरण्यात माझंही घोरणं मिसळलं असं नर्सनं नंतर सांगितलं.

उठल्यावर जरा गुंगी राहते, म्हणून स्कूटर दुसऱ्यानं चालवावी. एखादा रक्ताचा ठिपका, एखादा निळा डाग, इतकंच. फुप्फुसाला इजा होण्यासारखी गोष्ट अगदी क्वचित घडते, पण घडू शकते. म्हणून हात शिकलेला हवा. केंद्र सरकारनं 2019 साली या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली आहे, तेव्हा ‘शिकलात कुठे?’ असं डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि हो, एका बैठकीत हात वर जात नाही. माझा हळूहळू सुटला. सुयांनी, व्यायामानं की नुसते दिवस गेल्यानं, ते खांदा सांगत नाही. हे दुखणं पुष्कळदा वेळ घेऊन आपलं आपण सुटतं. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर एक चाचणी झाली, ती 2007 साली प्रसिद्ध झाली. काहींना नेमक्या पॉइंटवर सुया, काहींना मुद्दाम भलत्याच जागी आणि वरवर, उरलेल्यांना नेहमीची औषधं नि व्यायाम. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांचा गुण आला 47.6 टक्के लोकांना, खोट्यांचा 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांचा 27.4 टक्क्यांना.

हे मी आबाकाकांना वाचून दाखवलं, कारण त्यांचा गुडघा अलीकडे कुरकुरतो आहे. त्यांनी आकडे पुन्हा विचारले, बोटांवर काहीतरी मांडलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे भलत्या जागी टोचलं तरी माणूस पास होतो. तुझ्या डॉक्टरबेनना विचारून ठेव, भलत्या जागी टोचायचे किती घेतात?’’