प्रेअरीचे पाटील

साउथ डकोटा राज्यात, जेम्स नदीच्या खोऱ्यात, ह्युरॉन आणि रेडफिल्ड या गावांच्या आसपास ऑक्टोबर उजाडला की काही शेतकरी एकाएकी खाणावळवाले होतात. एरवी मका आणि सोयाबीन पिकवणारी ही माणसं घरातल्या जास्तीच्या खोल्या, तळघर, जमलं तर जुनं कोठारसुद्धा झाडूनपुसून फेजंट पक्ष्याच्या शिकाऱ्यांना भाड्याने देतात. या जातीचा एक अस्सल नमुना मला जवळून बघायला मिळाला. आम्ही मिनिआपोलिसची मराठी मंडळी आपसात त्यांना ‘पाटील’ म्हणतो. त्यांना हे ठाऊक नाही. ठाऊक झालं तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेल असं वाटत नाही.

पाटलांच्या डोक्यावर बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली टोपी असते. ती फक्त जेवणाआधीच्या प्रार्थनेला उतरते, आणि तेव्हा कळतं की पाटलांचं कपाळ दुरंगी आहे: वरचा अर्धा भाग पांढराफटक, खालचा तांबडाभडक. चाळीस-पन्नास उन्हाळ्यांचा हिशेब त्या रेषेवर मांडलेला आहे. बोलणं बेताचं. कौतुक करायची वेळ आली तर त्यांची सर्वोच्च पदवी म्हणजे “वाईट नाही.” एकरी मका कधी नव्हे इतका उतरला तर वाईट नाही. नात झाली, वाईट नाही. याउलट एखादी गोष्ट मुळीच पटली नाही तर ते म्हणतात, “वेगळं आहे.” मी मोठ्या हौसेने नेलेलं लिंबाचं लोणचं त्यांनी बोटभर चाखलं, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “वेगळं आहे.” मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, थोरला मुलगा शेती सोडून शहरात गेला आणि शाकाहारी झाला, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

मुक्कामाची सोय साधी. तळघरात एकावर एक रचलेल्या खाटा, भिंतीवर हरणांची शिंगं, कोपऱ्यात भुसा भरलेला फेजंट, आणि सकाळी चारपासून उकळत असलेली, तळ दिसेल इतकी पातळ कॉफी. चिखलाचे बूट बाहेरच्या खोलीत काढायचे. बंदुका पुसायला जुन्या टॉवेलांचा वेगळा गठ्ठा ठेवलेला असतो. पांढऱ्या टॉवेलने नळी पुसणाऱ्याला मालकीणबाई पुन्हा खोली देत नाहीत. पाहुण्यांची वही पाटलांच्या ताब्यात. त्या वहीत मी डोकावलो, तेव्हा या घरातली समाजरचना माझ्या लक्षात आली. नोंदी अशा होत्या: ‘काळी लॅब्रॅडोर, तीन वर्षांची, शिवाय दोन माणसं.’ ‘जर्मन पॉइंटर, नाक उत्तम, मालक बडबड्या.’ पाटलांना येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं नाव, आई-बाप आणि गेल्या हंगामातली दुखापत पाठ असते. माणसांना ते ‘हे’ आणि ‘ते’ म्हणून भागवतात.

मी बंदूक नसलेला, परवाना नसलेला आणि मुख्य म्हणजे कुत्रा नसलेला. पाटलांनी गाडीच्या मागच्या सीटकडे एकदा पाहिलं, डिकीकडे एकदा पाहिलं. “कुत्रा मागाहून येतोय का?” मी नाही म्हटलं. त्यांनी पेन वहीवर टेकवलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. आपल्याकडे एकटी माणसं घर भाड्याने मागायला गेली की मालकाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला. शेवटी त्यांनी घरची निवृत्त म्हातारी स्प्रिंगर कुत्री माझ्या हवाली केली आणि वहीत लिहिलं: ‘आमची म्हातारी, शिवाय एक माणूस.’ तेवढ्याने माझी पत सावरली. न्याहारीला मला एक कॅरॅमल रोल जास्त मिळाला.

न्याहारी लांबते, कारण सकाळी 10च्या आत फेजंटवर बार काढायला कायद्याने बंदी आहे. पुरुषमंडळी पावणेदहापासून घड्याळाकडे बघत दारात उभी असतात. दर शिकाऱ्याला दिवसाला तीनच पक्षी, तेही नरच. नर ओळखायला सोपा: गळ्यात पांढरं कडं, लाल चेहरा, लांब शेपूट. मादी मातकट. गवतातून पक्षी फडफडत उठला की कुणीतरी ‘नर!’ किंवा ‘मादी!’ असं ओरडतो आणि त्या अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं. एक फळी गवताच्या पट्ट्यातून हाकारे घालत चालते, दुसरी पलीकडच्या टोकाला उभी राहते. कारण हा पक्षी उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो. पाटील हे सगळं पिकअपच्या टपाला टेकून बघतात. नेम चुकला तर काही बोलत नाहीत. चुकलेल्या माणसाच्या कुत्र्याकडे मात्र सहानुभूतीने पाहतात.

हा पक्षी मूळचा इथला नव्हेच. चीनमधला. 1880च्या दशकात शांघायहून ऑरेगनला आणला, आणि 1908-09च्या सुमारास रेडफिल्डजवळ सोडला. 1919 साली पहिला हंगाम झाला तो एकाच दिवसाचा. दुसरं महायुद्ध संपता संपता राज्यात दीड कोटीहून जास्त फेजंट होते असं म्हणतात. त्याच काळात ॲबर्डीनच्या स्टेशनावर रेल्वेने जाणाऱ्या सैनिकांना फेजंटची सँडविचं फुकट वाटली जायची. पाटलांची आजी ती बांधायला जात असे. घराण्यात सांगण्यासारखं कर्तृत्व हेच, आणि तेही पाटील “ती पाव बरे कापायची” एवढ्यावर आटोपतात. 1943 साली राज्याने फेजंटला राज्यपक्षी केलं आणि गोळ्या घालणंही चालू ठेवलं. ह्युरॉनला त्याचा 28 फुटी पुतळा आहे. त्याच्याकडे बघत पाटील म्हणाले, “हा तेवढा अजून कुणाला लागला नाही.” हा त्यांचा विनोद होता. मला ते संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी पक्षी साफ करायच्या खोपटात पाटील खरे खुलतात. सोललेल्या पक्ष्याचा एक पाय, पंख किंवा डोकं तसंच ठेवावं लागतं, नर आहे हे वाटेत वनरक्षकाला दाखवता यावं म्हणून. मग पाटील सुरीच्या टोकाने गळ्याखालची पिशवी उघडतात आणि त्यातला ऐवज तळहातावर घेऊन दिव्याखाली धरतात. मक्याचे दाणे, दोन नाकतोडे, कसलंसं बी. “हा माझ्याकडे जेवला,” ते एका पक्ष्याबद्दल म्हणाले. दुसऱ्याच्या पिशवीतून बारीक, गोल, तांबूस दाणे निघाले तेव्हा त्यांची मान हलली. “हा शेजाऱ्याकडे जात होता.” मी ते दाणे बोटात घेतले. ज्वारी! तीन-चार एकरांचे पट्टे ही माणसं खास पक्ष्यांसाठी पेरतात आणि कापतच नाहीत. आमच्याकडे याच्या भाकऱ्या करतात, असं मी सांगितलं. पाटलांनी दाणे पुन्हा पाहिले, मला पाहिलं. “माणसं?” मी हो म्हटलं. “रोज?” मी हो म्हटलं. त्यांनी अतिशय काळजीने विचारलं, “आणि पक्षी काय खातात?”

रात्री जेवायला फेजंट मशरूमच्या सॉसमध्ये, उकडलेला बटाटा आणि शेवटी कुखेन. काळ्या समुद्राकडून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी आणलेला, दुधा-अंड्याच्या सारणाचा हा गोड प्रकार आता राज्याचं अधिकृत मिष्टान्न आहे. पाटलांचे पणजोबा त्याच लोंढ्यातून आले. बटाटा कापता कापता त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे हंगाम कधी सुरू होतो?”

“आमच्याकडे शिकारीला बंदी आहे. 1972चा कायदा आहे.”

“पाऊस कमी झाला का?”

पाऊस बरा आहे, म्हटलं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. त्याला मारलं तर तुरुंगात जावं लागतं.

“मग त्या पक्ष्याचं करता काय?”

“बघतो.”

पाटलांनी घास सावकाश गिळला. “वेगळं आहे,” ते म्हणाले.

पैशाच्या बाबतीत पाटील अगदी भिडस्त. शेतीच्या हिशेबात ते वाघ आहेत. सरकार 1985पासून काही जमीन गवताखाली पडीक ठेवण्याचं भाडं देतं, दहा-पंधरा वर्षांच्या कराराने. त्या गवतात पक्षी अंडी घालतात. “बापाने पेरून जेवढं कमावलं नाही तेवढं मी न पेरून कमावतो,” हे ते छाती न फुगवता सांगतात. तरी पाळलेले पक्षी सोडून गिऱ्हाइकांना मारायला देणाऱ्या लॉजवाल्यांचा विषय निघाला की ते उठून शेकोटीत लाकूड घालतात. स्वतःच्या खोलीचं भाडं मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. बिल मालकीणबाई लिहितात. ते तुमच्या हातात पडतं तेव्हा पाटील अंगणात जाऊन आभाळ बघत असतात, मग आभाळात काही असो वा नसो.

निरोप मांडीवर थाप मारून आणि “चला तर मग” म्हणून सुरू होतो आणि पाऊण तास चालतो. दारात एकदा, ओसरीवर एकदा, गाडीच्या खिडकीशी एकदा. त्यात वारा, मळणीचं यंत्र, यंदा मका उभाच राहिल्यामुळे पक्षी त्यात दडून बसलेत ही तक्रार, सगळं येतं. “पुन्हा या” असं ते म्हणत नाहीत. “रस्ता तुम्हाला माहीत झालाच आहे,” म्हणतात, आणि त्या मुलखात याहून आग्रहाचं आमंत्रण नाही.

तेव्हा साउथ डकोटात माउंट रशमोरचे चार चेहरे बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने वाटेत एक रात्र अशा एखाद्या घरी जरूर काढावी. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार टाळा. हंगाम त्या दिवशी उघडतो आणि खाट सोडा, अंगणही मिळत नाही. बंदूक लागत नाही, नेम लागत नाही, शिकारीतलं काही कळावं लागत नाही. कुत्रा तेवढा न्या. शेजाऱ्याचा मागून नेला तरी चालेल.