गैरहजर बायांचं बहुमत

नगरपरिषदेची निवडणूक झाली, गुलाल उडाला, डीजेच्या भिंती आपापल्या गावी परतल्या. सावनेरच्या पानठेल्यांवर आता कोणी कोणाला पाडलं याचा हिशेब तर्रीपोह्यांच्या साक्षीने चालू आहे. चालू द्या. पडलेल्यांचं सांत्वन करायला त्यांचे कार्यकर्ते आहेत, निवडून आलेल्यांचं करायला ठेकेदार आहेत. मी मात्र वॉर्डातल्या त्या एकमेव उमेदवारापुढे हात जोडून उभा आहे, जिला ना प्रचार करावा लागतो, ना मिसळ-चहा द्यावा लागतो, ना एबी फॉर्मसाठी रात्रभर कोणाच्या ओसरीवर बसावं लागतं. देशी दारूच्या दुकानातली बाटली.

बाटलीचीही निवडणूक होते, हे जाणकार वाचकांना सांगायला नको. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करायच्या, त्या सह्या खऱ्या की खोट्या ते साहेब लोक तपासणार, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर चिन्हं दोनच. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. इथपर्यंत लोकशाही कशी सोज्वळ दिसते! पुढची अट वाचा. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं आडवीला पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी चालत नाहीत. यादीच्या निम्मी.

म्हणजे बघा. समजा यादीत हजार बाया आहेत. कामं टाकून, लेकरं शेजारणीकडे ठेवून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन पाचशे जणी मतदानाला आल्या. चारशे ऐंशी जणींनी आडवीवर शिक्का मारला, वीस जणींनी उभीवर. कोण जिंकलं? बाटली. वीस मतांत. उरलेल्या पाचशे जणी घरीच राहिल्या ना? त्यांनी काही न बोलता बाटलीला कौल दिला, असं हे गणित. चौथीच्या पोराने असं उत्तर लिहिलं तर गुरुजी पट्टी काढतील. इथे त्यालाच निकाल म्हणतात.

आता त्या न आलेल्या बायांची जरा ओळख करून घेऊ, कारण बाटलीची खरी व्होट बँक तीच आहे. पहिली, सासरी गेलेली लेक. लग्न होऊन खाप्याला गेली, तिथे दोन लेकरांची माय झाली, नाव मात्र माहेरच्या यादीत. ती उभ्या बाटलीची. दुसरी, संत्र्याच्या तोडीला पहाटेच ट्रॅक्टरवर बसून गेलेली मजूर. मजुरी बुडवली तर रात्री चूल पेटत नाही, म्हणून ती आली नाही. तीही उभ्या बाटलीची. तिसरी, खदानीतल्या कामगाराची बायको. नवऱ्याची बदली झाली, भांडीकुंडी गेली, नाव राहिलं. चौथी नागपूरच्या दवाखान्यात सासूच्या उशाशी बसली आहे. पाचवीला नवऱ्याने आदल्या रात्रीच सांगितलं, उद्या घराबाहेर पाय टाकलास तर बघ. आणि सांगताना त्याच्या हातात जी वस्तू होती, तिच्याच खात्यात बायकोचं मत जमा झालं. सहावी तर दोनदा आहे. या खेपेला याद्यांमध्ये दुबार नावांपुढे दोन-दोन तारे काढले होते, आठवतं? ती ताऱ्यांकित बाई एका जागी आडवीला मत देऊन आली तरी दुसऱ्या जागी गैरहजरच. एक मत बाटलीविरुद्ध, एक बाटलीच्या बाजूने. आपलं आपल्यालाच समान संधीचं तत्त्व.

आणि सातवी मेलेली आहे. इथे मला हसू येत नाही. अशी आजी प्रत्येक आळीत असते. नवरा दारूने गेला, पोरगा त्याच वाटेवर, म्हणून जन्मभर भट्ट्यांवर मोर्चे नेले, मडकी फोडली, ठाण्यासमोर ठिय्या दिला. ती गेली, तेरवी झाली, वर्षश्राद्ध झालं. यादीत मात्र ठणठणीत. नाव कापायला नमुना ७ भरा, दाखला जोडा, मग कोणीतरी येऊन घरी चौकशी करील, असं सांगतात. चौकशीला येणारा कधी येईल ते सांगत नाहीत. विधानसभेची यादी फोडून वॉर्डाची यादी करायची, तिच्यात हा वॉर्ड त्या वॉर्डात सांडायचा, हरकतींसाठी हाताच्या बोटांवर मोजावे इतके दिवस द्यायचे, आणि मग त्याच गचाळ यादीच्या निम्म्या आकड्यासाठी बायांना दारोदार फिरवायचं! जिने हयातभर बाटली फोडली, तिला मेल्यावर बाटलीची मतदार करून टाकलं. तिच्या नातीने काय करायचं? आडवीला एक मत स्वतःचं द्यायचं, आणि आजीच्या नावामुळे वाढलेल्या आकड्यासाठी आणखी कोणाच्या तरी पाया पडायचं. ज्याने ही अट लिहिली, त्याने ती शुद्धीत लिहिली असेल, यावर माझा विश्वास आहे. तेच जास्त वाईट.

उलट आपले नगरसेवक पाहा. २ डिसेंबर २०२५ ला आपण तीन-तीन बटणं दाबली. एक अध्यक्षाचं, बाकीची सदस्यांची. वॉर्डात सहा उमेदवार असोत की सोळा, दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त की गुलाल. यादीचा निम्मा आकडा कोणी विचारला? कोणी नाही. बिनविरोध आला तर शून्य मतांतही माणूस नगरसेवक होतो, त्याच्या घरासमोर फटाके फुटतात. अध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, हा नियम २०१६ ला एकीकडे वळला, २०२० ला उलटा, २०२२ ला पुन्हा सुलटा. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा, तो २१ डिसेंबरला लागला. सगळं हलतं. बाटलीखालचा टेबल तेवढा हलत नाही. मोठ्या बाटलीला, म्हणजे जिल्ह्याच्या दारूबंदीला, तर मतदानाची झंझटही नाही. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून कागदावर कोरडा आहे. चंद्रपूर २०१५ ला आडवं झालं आणि २०२१ ला पुन्हा उभं राहिलं. उभं करताना यादीतल्या निम्म्या बायांना कोणी पाव आण्यानेही विचारलं नाही. वॉर्डात आडवं करायला आकडा लागतो, जिल्हा उभा करायला सही.

हे सगळं मी पानठेल्यावर तावातावाने मांडलं. म्हटलं, बाटलीचा नियम नगरसेवकाला लावा. यादीच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर खुर्ची रिकामी. ठेलेवाला सुपारी कातरताना म्हणाला, "मंग तं एकही निवडून येनार नाही बाप्पा. पुन्हा प्रशासकच बसन." बाकड्यावरच्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "एवढे वर्षं प्रशासक होता, तवा नाली तुंबलेलीच होती ना? आता नगरसेवक आले, तं का वाहून राहिली का?"

या प्रश्नावर सभा तहकूब होणार, तेवढ्यात सह्यांचा कागद घेऊन फिरणारी एक बाई तिथे थांबली. तिने आमचा सगळा ऊहापोह ऐकून घेतला होता. पदर खोचत म्हणाली, "नियम-बियम ठेवा तुमच्यापाशी, भाऊ. पुढच्या खेपेले बाटलीचाच फारम भरून टाका नगरसेवकाचा. निदान रोज वार्डात तं भेटते!"