बिनइंजिनाच्या विमानाची गाडी

मोटार घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? यॉर्कला राहणारा माझा भाचा विचारत होता, किती ओढते? त्याने ग्लायडर घेतला होता. इंजिनच नाही, म्हणजे पेट्रोलचा खर्च शून्य, असं त्याने बायकोला पटवलं होतं. त्या शून्यापायी आता दणकट डिझेल गाडीचा शोध चालला होता, आणि सुट्टीवर आलेला मामा म्हणून मीही शोरूममागून शोरूम पालथी घालत होतो.

पंधरा मीटर पंखांचा ग्लायडर पंख सुटे करून लांबुडक्या पांढऱ्या ट्रेलरमध्ये निजवतात. तो जेमतेम अडीचशे किलो, ट्रेलर त्याच्या दुपटीहून जड; मिळून 900 च्या घरात. ओढायचं वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावं, असा तिकडचा संकेत. त्यात छोट्या गाड्या बाद. मला इलेक्ट्रिक आवडली होती, पण मागे ट्रेलर लागला की तिची रेंज पार बसते. नुसती पुढची चाकं फिरणारी गाडी ओल्या गवतात रुतते, आणि ग्लायडर तर उतरणार शेतातच.

"मामा, खरी गोम नाकावरच्या वजनात आहे," म्हणत भाच्याने बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणला. त्यावर लाकडी ठोकळा उभा केला, ठोकळ्यावर ट्रेलरचं नाक टेकवलं. काटा 62 वर थांबला. "माझ्यापेक्षा बरं आहे," भाचेसून खिडकीतून म्हणाली. नाक हलकं पडलं तर ट्रेलर मोटरवेवर शेपूट हलवायला लागतो म्हणे. तेव्हा करकचून ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. देवाचं नाव घ्यायचं, ही माझी भर.

भाच्याचा ग्लायडिंग क्लब सटन बँकच्या कड्यावर. थर्स्ककडून येणाऱ्या ए-170 रस्त्याला तिथे चार फुटांना एक फूट चढ, वर हेअरपिन वळण. कॅरॅव्हॅनला सक्त मनाई. वरंधा घाट चढलेल्या माणसाला हे काय, असं मी म्हणालो. भाच्याने निमूटपणे हेल्म्सलीकडून वळसा घातला.

अखेर चारही चाकांना जोर असलेली ऑक्टाव्हिया इस्टेट आली. रविवारी भाचा उडाला आणि दुपारी फोन आला: "मामा, वर उचलणारी हवाच संपली. माल्टनजवळ शेतात उतरलोय. हिला म्हणावं ट्रेलर जोड आणि या."

"किल्ली कुठंय?" भाचेसुनेने विचारलं.

पलीकडून खिशाची चेन उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

शेवटी क्लबातल्या एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या गंजक्या व्हॉल्व्होला ट्रेलर जोडला. हुकाचा गोळा युरोपात 50 मिलिमीटरचाच असतो, म्हणून निभावलं. त्यांनी ना काटा मागितला, ना टक्के विचारले. भाचेसून वाटेत चकार शब्द बोलली नाही. बोलली ती थेट माल्टनला, फाटक उघडायच्या आधीच, आणि अस्सल मराठीत. ग्लायडरवर उखडलेला शेतकरी तिथेच उभा होता. त्याने आपलं गाऱ्हाणं आवरतं घेतलं आणि पंख सोडायला भाच्याच्या मदतीला गेला.