थंड हवेचं ठिकाण

"हवा कुठली घेते?"

गाडीबद्दल कोणी काहीही विचारलं की नाना आधी हा प्रश्न टाकतात. पिकअप नाही? हवा कुठली घेते? अ‍ॅव्हरेज पडलं? हवा कुठली घेते? एकदा एकाच्या जीपचा हॉर्न वाजत नव्हता. तेव्हाही नानांनी बोनेट उघडून आधी एअर क्लीनरच्या पाइपवर उलटा हात ठेवला आणि हळहळले, "अरे, भट्टीतली हवा पाजतोय तू हिला." हॉर्नची वायर निसटली होती. ती ड्रायव्हरनं आपली आपण जोडली.

हे हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं. जेलवालं हरसूल वेगळं, ते छत्रपती संभाजीनगरला. नाशिकहून गिरणारे, मग वाघेरा घाट, मग आमचं गाव. पुढं रस्ता जव्हारकडं उतरतो. या रस्त्यावर नानांनी उभी हयात काळी-पिवळी जीप हाकली. आता गाडी मुलाच्या हातात आहे आणि नाना स्टँडवरच्या चहाच्या टपरीपुढं. त्यांना नाना म्हणायचं ते माझ्या सोयीसाठी. घाटाच्या तोंडाला जिथं जिथं चार जीपा उभ्या राहतात, तिथं असा एक माणूस असतोच. कुठं तो अण्णा असतो, कुठं मामा. हाताला ग्रीस, खिशात दहा-बाराचा पाना, आणि दुसऱ्याचं बोनेट उघडायला परवानगी लागते हे त्याच्या गावीही नसतं.

नानांचं शास्त्र सरळ आहे. इंजिन डिझेल खातं हा लोकांचा गैरसमज. इंजिन हवा खातं, डिझेल नुसतं तोंडी लावायला. हे ऐकून मी हसलो होतो, पण हिशेब काढला तर माणूस खोटं बोलत नाही. एक लिटर डिझेल जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. आता तापलेली हवा फुगते, पातळ होते. सिलिंडर तेवढाच, पण त्यात मावणारा प्राणवायू कमी. तीन अंश वाढले की साधारण एक टक्का हवा घटते. "डिझेलला पैसे मोजता, ते पारखून घेता," नाना म्हणतात, "हवा फुकट म्हणून कसलीपण घ्यायची का?"

हे त्यांनी मोजूनही बघितलंय. पहिल्यांदा घरातला तापाचा थर्मामीटर बोनेटमध्ये धरला. पारा ४२ वर जाऊन बसला आणि उतरायला तयार होईना. इंजिनला ताप आहे एवढंच सिद्ध झालं, आणि घरात दोन दिवस बोलाचाली बंद. मग आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भाच्यानं प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला. बाहेर झाडाखाली ३८. घाट चढून आलेल्या जीपच्या बोनेटमध्ये, पाइपाच्या तोंडाशी ६१. म्हणजे सात टक्के हवा नुसती झळीपायी गेली.

भाच्यानं सांगितलं, याला चार्ल्सचा नियम म्हणतात. फ्रान्समधल्या जाक शार्लनं १७८७ च्या सुमाराला शोधला.

"तो कुठली गाडी चालवायचा?"

"गाडी नाही मामा. फुग्यात बसून उडाला होता. १७८३ साली, पॅरिसमध्ये."

"मग बरोबर. वर गारवा असतो. त्याला कळणारच."

तेव्हापासून शार्ल हा नानांच्या लेखी लाइनवरचाच माणूस झाला.

त्यांच्या स्वतःच्या जीपचं बोनेट उघडलं की आत लग्नघर दिसतं. हवेच्या पाइपला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, वरून तार. सायलेंसर आणि पाइप यांच्या मध्ये तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला आडोसा. पाइपाचं तोंड इंजिनाकडून काढून हेडलाइटच्या मागं, जाळीच्या आडून बाहेरच्या हवेला लावलेलं. हे सगळं बघायला बेंगरूळ आहे, पण महागड्या गाड्यांचे इंजिनिअर वेगळं काही करत नाहीत, फक्त त्यांचा पत्रा चकचकीत असतो.

नाशिकला कामाला असलेला एक पोरगा मध्यंतरी गाडीला शंकूसारखा उघडा फिल्टर बसवून आला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अशी घोरायची की टपरीवरचे कप वाजायचे. नानांनी फिल्टरजवळ हात नेला. तो बोनेटच्या पोटात उघडाच होता, थेट रेडिएटरमागची हवा ओढत होता. "आवाज वाढला, ओढ गेली," नानांनी निकाल दिला. पोरगा चिडला. इरेला पेटून त्यानं पाइप पार बंपरच्या खाली नेला. थंड हवा खाली असते ना!

"खाली थंड हवा असते," नाना म्हणाले, "आणि जूनपासून खाली पाणी असतं."

आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. फरशीवरून पाणी वाहत असताना तो पाइप एक घोट ओढून घेईल, आणि पाणी काही दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागचं हलत नाही, मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन खोलायचा खर्च ऐकल्यावर पोरानं त्याच दिवशी पाइप वर घेतला. आता तो नानांचा पट्टशिष्य आहे आणि आम्हाला एकाऐवजी दोघांचं ऐकावं लागतं.

फियाट-अँबॅसिडरच्या जमान्यात कसारा घाटात इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या गाड्या आठवतात का, असं मी एकदा विचारलं. चूक झाली. "ते पेट्रोलचं दुखणं, वाफ धरायचं," नाना तुटकपणे म्हणाले. "हवेचं नाही." विषयाबाहेरचं त्यांना खपत नाही.

टर्बोबद्दल मात्र ते हळवे होतात. टर्बो हवा दाबून भरतो, दाबली की हवा तापते, शंभर अंशांच्याही वर जाते. म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. जाळीतून वारा जातो, हवा निवते, मग इंजिनात. नव्या बोलेरोत त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटी कंपनीला पटलं." बोलेरो आपल्या नाशिकच्याच, सातपूरच्या कारखान्यात बनते. आपलं म्हणणं हरसूलहून सातपूरला कोणीतरी पोचवलं असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

उन्हाळ्यात बोहाड्याला जायचं तर ते रात्रीच निघायचे. मुखवटे, संबळ, सोंगं यांच्याइतकंच त्यांना परतीच्या पहाटेचं अप्रूप. गार हवेत जीप चढाला एक गिअर वर चालते, काळा धूरही कमी सोडते. मागं सगळे झोपलेले, आणि नाना एकटेच गाडीला शाबासकी देतायत, असं त्यांचा मुलगा सांगतो.

स्टँडवर त्यांची जीप कायम झाडाखाली, तोंड वाऱ्याकडं. सावली एका गाडीपुरतीच, सवाऱ्या उन्हात. आणि सवाऱ्या किती? मागच्या बाकांवर मांडीला मांडी, मांडीवर पोरं, टपावर नागलीची पोती, पायरीवर दोघं लटकलेले. सात टक्के ताकद वाचवायची आणि पाच माणसं जादा कोंबायची, हा कुठला हिशेब, असं मी एकदा विचारलंच. नाना चिडले नाहीत.

"द्राक्षाच्या, टोमॅटोच्या कामाला निघालेली माणसं ती. गिरणाऱ्याच्या नाक्यावर उजाडता उजाडता उभी राहिली नाहीत तर त्यांचा रोज बुडतो. खाली कोणाला उतरवू? हवा तेवढी आपल्या हातात आहे."

यावर मला काही सुचलं नाही.

नानींना मात्र सुचतं. "इंजिनाला झळ लागू नये म्हणून जन्म घातला, मी चुलीपुढं बसते ते नाही दिसलं कधी," असं त्या चारचौघांत म्हणाल्या. नाना गप्प. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातली कुडाची भिंत चुलीच्या मागं खालच्या अंगाला कापली, जुन्या एअर क्लीनरचा पाइप बसवला, वर कौलाखाली धुराला दुसरी वाट काढली. बाहेरची हवा चुलीला, धूर वरून बाहेर. चूल आता भडकून पेटते. नानींचे डोळे चुरचुरायचे थांबले, फक्त भाकरी करपायला लागली. पाइपाच्या तोंडाला आता चिंधीचा बोळा असतो, तो नानी लागेल तसा सरकवतात. नाना त्याला थ्रॉटल म्हणतात.

तर वाघेऱ्यावरून कधी हरसूलला आलात, गाडी तापली असेल आणि टपरीवरून एक म्हातारा पाना चाचपत उठताना दिसला, तर त्याला बोनेट जरूर उघडू द्या. माणूस गुणाचा आहे, पैसे घेत नाही. फक्त आधी जेवून घ्या.