पावरभाऊंचं वॉरंट

पावरभाऊंचे मामाजी, म्हणजे सासरे, धानोऱ्याकडून पहिल्या एसटीने निघाले, गडचिरोलीला गाडी बदलली आणि मूलमार्गे दहाच्या सुमारास चंद्रपुरात उतरले. काखेत कापडी पिशवी. पिशवीत सातबारा, आधार कार्ड, घरटॅक्सची पावती आणि लेकीसाठी पावभर चारोळी. दारात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "जवाई कुठं हायेत? नेलं का?"

झालं होतं असं, की आदल्या रात्री लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, वॉरंट निघालं म्हणतेत, हे तेव्हापासून झोपले नाहीत." आता गडचिरोली जिल्ह्यात वॉरंट हा शब्द कोणी हसण्यावारी नेत नाही. जंगलातून नको ते लाकूड आणलं तर ते निघतं आणि कोर्टाच्या तारखेला एसटी चुकली तरी निघतं. निघालं की जामीन लागतो, जामिनाला सातबारा लागतो. मामाजी तयारीनिशी आले होते.

भाऊ आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसले होते. चेहरा लग्नातल्यासारखा उजळलेला. "मामाजी, वॉरंट माझं नाही, प्रमोटरचं! कंपनीच्या मालकाचं!"

"मालकाचंच निघालं? मंग तं कंपनी बसली म्हना की."

"बसली नाही, उठली! चांगली बातमी आहे ही."

मामाजींनी लेकीकडे पाहिलं. जावयाला उन्हाची झळ बसली असावी, असा तो पाहण्याचा प्रकार होता.

पावरभाऊ हे काही त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. २००८ च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरचा इश्यू आला तेव्हा अख्ख्या देशाने अर्ज भरले, त्यात भाऊंचाही एक होता. भाव ४५०, किरकोळ गुंतवणूकदाराला २० रुपये सूट, मागणी सत्तर पटींहून अधिक. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. या प्रकरणावरून भाऊंनी धडा घेतला. धडा असा, की पुढच्या वेळी याहून स्वस्त वीज कंपनी शोधायची. ती त्यांना सापडली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. छापून आलं तर भाव हलेल, अशी भाऊंना धास्ती आहे. या मासिकाच्या खपाबद्दल इतका आदर बाळगणारे तेवढे एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत.

ऊर्जाक्षेत्रच का, याला त्यांचं उत्तर तयार असतं. "आपण चंद्रपूरचे. वीज आपल्याला नाही कळणार तर कोणाला कळणार?" इथलं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. वीज तारांवरून दूरवर जाते, राख आमच्याकडे राहते. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळी भुकटी जास्त दिसली की भाऊ म्हणतात, "आज लोड चांगला आहे." पण हे केंद्र सरकारी महानिर्मितीचं, त्याचा शेअर मिळत नाही. त्यामुळे राख एका कंपनीची अंगावर घ्यायची आणि शेअर भलत्याच कंपनीचे, अशी त्यांची विभागणी आहे.

मे महिन्यात चंद्रपुरात ४६ आकडा म्हटलं की लोक डोक्याला दुपट्टा बांधतात. भाऊंना मात्र ४६ म्हटलं की आपला पहिला खरेदीचा भाव आठवतो. तिथून शेअर ३० वर आला तेव्हा त्यांनी ॲव्हरेज केलं, १८ ला केलं, ९ ला केलं. आता तो चार रुपये आणि काही पैसे आहे. ॲव्हरेज करणं म्हणजे खड्डा आपणच खणायचा आणि तळाला पाणी लागेल म्हणून वरच्याला धीर देत राहायचं. वहिनींना ही क्रिया ठाऊक आहे, फक्त तिला त्या वेगळ्या नावाने ओळखतात. ते नाव त्या पाहुण्यांसमोर घेत नाहीत.

पण भाऊंना लोभी म्हणणं अन्यायाचं होईल. नफ्याविषयी ते क्वचितच बोलतात. बोलतात ते मालकीविषयी. "आपण यंदा कर्ज बरंच कमी करतोय." "आपल्याला कोळसा नीट मिळाला असता तर ही वेळ आली नसती." कंपनीच्या शेकडो कोटी शेअरांपैकी भाऊंकडे चौदाशे. हिशेबाने त्यांच्या वाट्याला चिमणीची एक वीटही येणार नाही, पण त्या विटेच्या तुकड्याची काळजी ते ज्या इमानाने वाहतात तेवढ्या इमानाने अख्खी चिमणी कोणी मालक वाहत असेल असं मला वाटत नाही. सर्वसाधारण सभेची सूचना ईमेलवर आली की लग्नपत्रिकेसारखी घरात वाचून दाखवतात. एकदा तर मतदानही केलं. संचालकाच्या फेरनियुक्तीच्या विरोधात. तो निवडून आला. दोन दिवस भाऊ पराभूत उमेदवारासारखे गप्प होते.

वॉरंटाचा खरा खल होतो तो सकाळी आझाद बगीच्यात, फिरून झाल्यावर. बाकावर तिघे: भाऊ, वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले काका आणि गुरुजी. सप्टेंबर २०२४ मध्ये रिलायन्स पॉवरने ३३ रुपये भावाने शेअर आणि वॉरंट देऊन १५०० कोटींहून जास्त रक्कम उभारायचं ठरवलं, तेव्हापासून हा शब्द बगीच्यात शिरला आहे. आता तर भाऊंच्याच कंपनीचं निघालं.

भाऊंचं म्हणणं, "मालक स्वतःच्या खिशातून पैसे घालतोय. त्याला काही दिसलं असेल तेव्हाच ना?"

गुरुजींचं म्हणणं, "खिशातून घालतोय ती चौथाई. बाकीचं बघू म्हणतोय." गुरुजी गणिताचे. त्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, त्यामुळे त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

मग भाऊ हुकमाचं पान काढतात. सुझलॉन! २०२२ च्या ऑक्टोबरात हक्कभाग ५ रुपयांना दिला होता आणि २०२४ च्या सप्टेंबरात शेअर ८० च्या वर. नापास पोराच्या बापाला आइनस्टाइन जसा उपयोगी पडतो, तसा बुडत्या वीज कंपनीच्या भागधारकाला सुझलॉन. यावर काका बुटीबोरी काढतात. तिथला ६०० मेगावॅटचा प्रकल्प दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणातून फिरून जुलै २०२५ मध्ये ४००० कोटींना अदानी पॉवरकडे गेला. काका आयुष्यभर कोळशात राहिलेले. २०१४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसा पट्ट्यांचं वाटप रद्द केलं, तेव्हा आमच्या भद्रावतीजवळचं बरांजही त्यात गेलं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. ते म्हणतात, "प्लांट मरत नसतो भाऊ. चिमणीतून धूर निघतच राहतो. धुरावर आपलं नाव असेलच असं नाही."

मामाजी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र बाकावर तेही होते. पूर्ण चर्चा त्यांनी हातावर तंबाखू मळत ऐकली. शेवटी म्हणाले, "जवाई, एकडाव मले समजावून सांगा. हे वॉरंट म्हंजे काय?"

भाऊंनी सांगितलं. मालकाने शेअरचा भाव आजच ठरवून ठेवायचा. पंचवीस टक्के रक्कम आता भरायची, उरलेली अठरा महिन्यांच्या आत. भरली तर शेअर नावावर. नाही भरली तर पंचवीस टक्के जप्त. सेबीचा नियम आहे.

मामाजींनी तंबाखू ओठात सोडली. "म्हंजे तेंदूचा ठेकेदार."

आता मामाजींच्या गावची ग्रामसभा दर हंगामात तेंदूपत्त्याचा लिलाव करते आणि सत्तर पानांच्या पुड्यापासून गोण्यापर्यंतचा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. ते सांगू लागले, "ठेकेदार येते, बोली लावते, इसार देते न् युनिट धरून ठेवते. बाजारात भाव चढला तं उरलेले पैसे आनून टाकते, माल उचलते. भाव पडला तं इसारावर पानी सोडते न् फोन उचलत नाही. तुमचा मालक काही येगळा नाही. इसार दिला म्हनून पान चांगलं निघन, असं थोडीच असते?"

बाकावर शांतता पसरली. गुरुजींनी तर चष्मा काढून पुसला. मामाजींना ठाऊक नव्हतं, पण सेबीलाही हे असंच, जरा उशिरा, उमगलं होतं. पूर्वी इसार फक्त दहा टक्के होता; २००८ च्या पडझडीत बाजारभाव ठरलेल्या भावाच्या खाली गेले, मालकांनी वॉरंटं सोडून दिली, आणि २००९ मध्ये तो पंचवीस टक्के झाला.

"न् समजा उचललं," मामाजी पुढे म्हणाले, "तं पंगतीत मानसं वाढली. वरन तेवढंच. तुमच्या वाट्याले पातळ येईन." एवढं बोलून ते तंबाखू थुंकायला उठले. ज्या गोष्टीला भाऊंच्या मोबाइलवरची मंडळी डायल्यूशन म्हणतात आणि वीस मिनिटं समजावतात, ती एवढ्यात सांगून झाली.

भाऊंच्या जिव्हारी लागलेली खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती बगीच्यात कोणी काढत नाही. ज्या वर्षांत भाऊ ॲव्हरेज करत होते, त्याच वर्षांत घुग्गुसला त्यांच्या डोळ्यांसमोर एक कारखाना होता. कंपनीचं नाव लॉयड्स मेटल्स अँड एनर्जी, नावात एनर्जीसुद्धा! एटापल्लीच्या सुरजागडवर तिची लोहखनिजाची खाण. २०१६ च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली पाऊणशे वाहनं जाळली. भाऊ तेव्हा म्हणाले होते, "ज्या कंपनीचे ट्रक जळतात तिचा शेअर शहाणा माणूस घेत नाही." शहाण्याने घेतला नाही. २०२० मध्ये दोन चहांच्या भावात मिळणारा तो शेअर २०२५ मध्ये हजारावर गेला. आष्टी-आलापल्ली रस्त्यावरच्या लाल धुळीबद्दल भाऊ अजूनही तावातावाने बोलतात. पर्यावरणाची एवढी चाड त्यांना आधी नव्हती, असं वहिनी म्हणतात.

बगीच्यातल्या त्या दिवसापासून मामाजी दर आठवड्याला फोन करतात. लेकीची खुशाली, पावसाची चौकशी, आणि शेवटी, "इसारवाला आला का?" भाऊ सांगतात, अजून मुदत आहे. अठरा महिन्यांतले चौदा सरले. परवा शेअर तीन दिवस लागोपाठ अप्पर सर्किटला लागला तेव्हा भाऊंनी बगीच्यात पोहे वाटले, आणि चौथ्या दिवशी आणखी दोनशे शेअर घेतले. पाचव्या दिवशी लोअर सर्किट.

सातबारा मामाजींनी परत नेलाच नाही. भाऊंच्या कपाटात, डिमॅटच्या कागदांखाली तो तसाच पडून आहे.